कोपऱ्यातल्या खोलीची बेल

४ मार्च

वन्सं,

एरवी मी तुला धाकटे म्हणते आणि अगंतुगं करते. आज ‘वन्सं’ म्हणतेय आणि ‘तुम्ही’ म्हणतेय, त्यावरून काय ते समजा. फोन केला असता तर पहिल्या मिनिटाला मी ओरडले असते, दुसऱ्या मिनिटाला तुमच्या दादांनी माझ्या हातून फोन काढून घेतला असता आणि मग तुम्ही बहीणभाऊ हवापाण्यावर बोलत बसला असता. म्हणून पत्र.

आमच्या वृद्धाश्रमात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. तरी माझ्या तोंडून ऐका. मागच्या मंगळवारी दुपारचा चहा उशिरा आला. वरच्या मजल्यावरची सगळी मंडळी झोपून उठून, तोंड धुऊन बसलेली. मग काय, बेलवर बेल. दोघी मदतनीस मुली खोल्यांतून पळत होत्या आणि मी, दुपारच्या पाळीची मुख्य सिस्टर, बेलच्या दिव्यांच्या पॅनेलसमोर होते. कोपऱ्यातल्या खोलीतल्या मास्तरांना बाथरूमला जायचं होतं. त्यांनी बेल दाबली. दाबत राहिले. कोणी येईना तेव्हा एकटेच उठले आणि दारात पडले. खुब्याचं हाड मोडलं.

वन्सं, त्यांची बेल माझ्या पॅनेलवर आलीच नाही. ना दिवा, ना आवाज. मी दिव्याची शपथ घेऊन सांगते असं लिहिणार होते, पण तो दिवाच दगाबाज निघाला.

व्यवस्थापकांनी (त्यांना आम्ही पाठीमागे ‘टाय’ म्हणतो) मला ऑफिसात बोलावून एक कागद पुढे सरकवला. “सिस्टर, मशीन म्हणतंय, बेल मिळाली. एकदा नाही, सहा वेळा. आणि हे सगळं ज्यांनी बसवलं त्या तुमच्या नणंदबाईंनाच विचारलं मी. त्या म्हणाल्या, मशीनमध्ये दोष नाही.”

म्हणालात का तुम्ही असं? तुमचं हे काम मीच तुम्हाला मिळवून दिलं होतं. मीच टायच्या कानाशी लागले होते की आमची धाकटी हुशार आहे.

अठ्ठावीस तारखेला चौकशी आहे. दोषी ठरले तर नोकरी जाईल, आणि परिचारिकांच्या मंडळाकडे कळवतील म्हणजे दुसरीकडेही कोणी दारात उभं करणार नाही. आणि मास्तर! गेली तीन वर्षं मी त्यांच्याशी रोज भांडले, हसले, त्यांनी माझं अक्षर सुधारलं. परवा दवाखान्यात भेटायला गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नोकरीचं मी बघून घेईन. ते तोंड फिरवणं माझ्याच्याने सहन होत नाही.

तुमची,
वहिनी


९ मार्च

वहिनी,

‘वन्सं’ वाचून आधी हसू आलं. पुढचं वाचून गेलं.

हो, मी तसं म्हणाले. व्यवस्थापकांनी विचारलं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये काही बिघडलंय का? त्यांनी माझी फाइल पाठवली. मी माझ्याकडच्या मूळ प्रतीशी ताडून पाहिली. काना-मात्रेचाही फरक नाही. मग काय सांगणार होते? दादाची बायको आहे म्हणून दोष नसताना दोष आहे म्हणू?

तुला कळेल असं सांगते. खोलीतलं बटण दाबलं की जिन्याखालच्या कम्प्युटरला निरोप जातो. दारात एक कारकून बसलाय असं समज. तो निरोप आला की आधी वेळ टिपून ठेवतो. मागे बाकावर चार गडी बसलेत. कारकून निरोप मोकळ्या गड्याच्या हाती देतो, गडी तो तुझ्या पॅनेलवर टाकून परत बाकावर येतो. आमच्यात या बाकाला थ्रेड पूल म्हणतात. आणि कोणता निरोप आला की कोणतं काम करायचं, हे पायथनमध्ये (ही प्रोग्रॅम लिहायची भाषा) त्या कामाच्या डोक्यावर एक ओळ लिहून सांगायचं असतं: ‘बेल वाजली की मला हाक मार.’ त्या ओळीला डेकोरेटर म्हणतात. संपलं. यात बेल हरवायला जागा कुठे आहे?

आता राग मानू नकोस, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. मागे एकदा पॅनेलचा आवाज डोक्यात जातो म्हणून तू तो बंद करून ठेवला होतास. तूच हसत हसत सांगितलं होतंस. त्या मंगळवारी तसं काही झालं नाही ना? झालं असेल तर मला तरी खरं सांग. चौकशीत उघड होण्यापेक्षा घरात उघड झालेलं बरं.

धाकटी


१३ मार्च

वन्सं,

वा! चोर सोडून संन्याशाला सूळ, आणि तो सूळ धरायला घरचंच माणूस.

आवाज मी बंद केला होता तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि पॅनेलवर दुसरी सिस्टर होती. तेवढं एक वाक्य तुम्ही बरोबर विसरलात. तुम्हाला तुमचा प्रोग्रॅम शुद्ध राहायला हवाय. भावजय खोटारडी ठरली तर तुमचं काय जातं? आजवर तुम्ही मला कधी पाण्यात पाहिलं नाहीत असं मी सगळ्यांना सांगत आले. वेडीच मी.

तुमच्या गड्यांना विचारा, त्या मंगळवारी ते कुठे चरायला गेले होते. सांगते काय झालं ते. चहाच्या वेळी चार खोल्यांचे दिवे एकदम लागले. मी मुलींना धाडलं आणि पोचेचं बटण दाबलं. दिवे विझेनात. पुन्हा दाबलं. विझेनात. मुली त्या चारही खोल्यांतून परत आल्या तरी दिवे तसेच. आणि पाचवा दिवा काही लागेना. मला वाटलं, बाकीची मंडळी शहाण्यासारखी चहाची वाट बघत बसलीत. तेवढ्यात धप्पकन आवाज झाला आणि मी धावले.

यापुढचं मी चौकशीत सांगणार नव्हते, कारण लोक मला वेडी म्हणतील. मास्तरांना स्ट्रेचरवरून खाली नेलं. मी परत आले तर पॅनेल एकाएकी सगळंच्या सगळं पेटलं. मास्तरांच्या खोलीचा दिवासुद्धा. खोली रिकामी! मी स्वतः जाऊन पाहिलं. बटण पलंगावर पडलेलं, चिटपाखरू नाही. कुठेतरी पाणी मुरतंय वन्सं. कोणीतरी जिन्याखाली बसून माझा खेळ करतंय. आणि टाय म्हणतात, “सिस्टर, तुम्ही पोच तर सारखी देत होता. कागदावर आहे. म्हणजे बेल दिसत होती, बटण दाबायचं आणि खुर्चीत बसून राहायचं, असंच ना?”

आता तुम्हीही तेच म्हणा.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

भांडण नंतर. आधी एक सांग.

पोच? कसली पोच? मी तुमच्याकडे पोचेचं बटण बसवलेलंच नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये ‘पोच’ हा शब्ददेखील नाही. व्यवस्थापकांनी मला पाठवलेल्या कागदावर फक्त बेलच्या ओळी होत्या.

कोणी बसवलं, कधी, आणि दाबलं की काय व्हायला हवं, ते सविस्तर लिही. दादाला यातलं काही बोलू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही.

धाकटी


१८ मार्च

वन्सं,

म्हणजे तुम्हाला माहीत नाही? का माहीत नाही असं दाखवताय? टाय तर भर मीटिंगमध्ये म्हणाले होते की नणंदबाईंना विचारूनच केलंय. कोण खोटं बोलतंय ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आता सगळ्यांकडेच तिरक्या डोळ्याने बघते. परवा आरशात बघितलं तर स्वतःकडेही तसंच बघत होते.

नवीन वर्षात बसवलं. नातेवाइकांच्या तक्रारी येत होत्या की बेलला कोणी दाद देत नाही. तेव्हा टायनी ठरवलं, प्रत्येक बेलची पोच हवी. दिवा लागला की आम्ही बटण दाबायचं, म्हणजे आम्ही बेल पाहिली याचा पुरावा राहतो आणि दिवा विझतो. पुरावा आमच्याविरुद्ध, हे वेगळं सांगायला नको. बसवलं टायच्या भाच्याने. कानावरून हेडफोन कधी उतरत नाही, म्हणून त्याचं नाव हेडफोन. दोन दिवस जिन्याखाली बसला होता. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाला, “मॅडम, जुन्या फाइलला मी हातसुद्धा लावलेला नाही, घाबरू नका.” मी कशाला घाबरू? पण हे त्याने आपणहून का सांगितलं, ते तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

वहिनी


२५ मार्च

वन्सं,

सात दिवस झाले, उत्तर नाही. मला वाटलं आजारी पडलात. काळजी करत होते. मूर्खासारखी.

काल मदतनीस मुलीने सांगितलं म्हणून कळलं. तुम्ही इथे आला होतात. आमच्या गावात! बसस्टँडवरून थेट मास्तरांच्या मुलीच्या घरी गेलात, दोन तास बसलात आणि आल्या पावली परत गेलात. घर चार गल्ल्या पलीकडे. भावाचं तोंड बघायचं नाही, भावजयीच्या हातचा घोटभर चहा घ्यायचा नाही. आणि भेटलात कोणाला? जिने माझ्याविरुद्ध अर्ज केलाय तिला! जी मला कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, “माझ्या वडिलांचं हाड तुम्ही मोडलंत.”

काय ठरलं तुमचं? प्रोग्रॅम सुटला आणि सिस्टर अडकली, असंच ना? ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. बहिणीवरचा त्यांचा जीव मला माहीत आहे. तो मोडायला माझी जीभ उचलत नाही. पण तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मला फार लागलंय हे. शत्रूने मारलं असतं तर मी उलटून मारलं असतं. तुम्हाला काय करू?

चौकशीला मी एकटी जाईन.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

आज एवढंच लिहिते. चौकशीच्या दिवशी तुला पॅनेलसमोर बसायला सांगतील. बस. नेहमी करतेस तेच कर. माझं नाव काढू नकोस, आणि हे पत्र फाडून टाक.

शिव्या साठवून ठेव. नंतर सगळ्या घेईन.

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

शिव्या सगळ्या विसरले. पण मला एक सांग, तू माणूस आहेस का कोण आहेस? एक ओळ जास्त लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं? अठ्ठावीसला सकाळी मी तिथे गेले ती फासावर जाते अशीच.

ऐक. समितीचे तिघं, टाय, हेडफोन, मास्तरांची मुलगी आणि बाहेरून बोलावलेले एक इंजिनिअर. मुलगी उठली आणि म्हणाली, “मला कोणाचंच ऐकायचं नाही. सिस्टरचंही नाही आणि मशीनचंही नाही. मला डोळ्यांनी बघायचंय.” टाय म्हणाले, याची काही गरज नाही, कागद पुरेसे आहेत. ती म्हणाली, “मग माझी तक्रार वरती जाईल.” टाय बसले.

मला पॅनेलसमोर बसवलं. इंजिनिअर माझ्या मागे उभे. मला वाटलं, झालं, हा सापळा आहे आणि बांधणारी माझी नणंद आहे. तुझं पत्र मी फाडलं नव्हतं. पर्समध्ये होतं. दगा झाला तर तेच समितीपुढे टाकायचं असं ठरवून नेलं होतं. हे तुला कळायला हवं म्हणून सांगते.

मग इशारा झाला आणि चार दिवे एकदम लागले. मी पोच दाबली. विझेनात. पुन्हा दाबली. इंजिनिअर म्हणाले, “दाबत राहा.” मी दाबत राहिले. पॅनेल तसंच, ढिम्म. तेवढ्यात कॉरिडॉरमधून मुलीचा आवाज आला, “सिस्टर, दिवा लागला?” मी म्हटलं, “कोणाचा?” पुन्हा, “आता?” “नाही.” “आता?” “नाही हो!” ती कोपऱ्यातल्या खोलीत होती, धाकटे. वडिलांच्या रिकाम्या पलंगावर बसून त्यांचं बटण दाबत होती. मग तिचा आवाजच यायचा थांबला. जाऊन पाहिलं तर बटण हातात घट्ट धरून रडत होती.

दहा मिनिटांनी पॅनेल एकदम पेटलं. कोपऱ्यातल्या खोलीचा दिवाही लागला. तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती, हात रिकामे. भुताटकी मी एकटीनेच पाहिलेली नव्हती तर.

इंजिनिअर बरंच काही बोलले. मला रडू येत होतं त्यामुळे अर्धंच कळलं. तूच सांग, तुझे चार गडी गेले कुठे होते?

तुझी वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

पर्समध्ये पत्र नेलंस हे वाचून बरं वाटलं. खोटं नाही. तू माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असतास तर तू माझी वहिनीच नव्हेस.

गडी कुठेही गेले नव्हते. तुझ्या पॅनेलपाशीच उभे होते. हेडफोनने नवीन काम लिहिलं: बेल पॅनेलवर टाकायची आणि पोच येईपर्यंत तिथेच थांबायचं, दहा मिनिटांत आली नाही तर सोडून द्यायचं. म्हणजे चार बेला एकदम आल्या की चारही गडी पॅनेलपाशी पोचेची वाट बघत उभे. तू बटण दाबलंस की ती पोचसुद्धा निरोपच. कारकुनाने टिपून घेतली आणि मागे वळून बघतो तर बाक रिकामा. पोच घेऊन जायला गडी नाही, कारण सगळे गडी पोचेची वाट बघतायत. मास्तरांची बेलही तशीच दारात पडून. कारकुनाच्या टिपणात सगळं मिळालं, पॅनेलवर काहीच पोचलं नाही. कागद खोटा नव्हता आणि तूही खोटी नव्हतीस. दहा मिनिटांनी गडी कंटाळून परत आले आणि तुंबलेलं सगळं एकदम ओतलं. तीच तुझी भुताटकी.

पूर्वी चार गडी पुरायचे, कारण टाकून लगेच परत यायचे. कोणावर संशय नव्हता तेव्हा कोणाला थांबायची गरजही नव्हती.

मला का दिसलं नाही? मी माझी फाइल बघत बसले. डेकोरेटरची ओळ मात्र कोणत्याही फाइलमध्ये लिहिता येते. हेडफोनने शेजारी वेगळी फाइल ठेवली, कामाच्या डोक्यावर तीच ओळ लिहिली, झालं. कम्प्युटर सुरू होताना ती वाचली गेली आणि माझ्या कामाची हाक त्याच्या कामाला जायला लागली. त्याने तुला सांगितलं ते शब्दशः खरं होतं. जुन्या फाइलला हात लावलाच नव्हता. दाराला कुलूप घालून मी पहारा देत होते आणि घराला दुसरं दार होतं.

व्यवस्थापकांना मी ती दुसरी फाइल मागितली. म्हणाले, चौकशी चालू आहे, देता येणार नाही. तिथेच मला कळलं की परस्पर केलेलं झाकायचंय. मग कोणाला सांगू? मी सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, नणंद-भावजयीने मिळून रचलं. म्हणून मास्तरांच्या मुलीकडे गेले. तिने दार अर्धंच उघडलं. “भावजयीला वाचवायला आलात?” मी म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नका, तिच्यावरही ठेवू नका. चार खोल्यांत चार माणसं बसवा, एकदम बटणं दाबायला सांगा, मग तुमच्या वडिलांचं बटण तुम्ही दाबा.” तेव्हा तिने दार पूर्ण उघडलं. तुझ्याकडे त्या दिवशी आले असते तर त्या प्रयोगावर कोणाचा विश्वास बसला नसता. चार गल्ल्या पलीकडून परत फिरताना काय वाटलं ते लिहीत नाही.

आता पोच बंद केलीय, आणि यापुढे कोणी बसवली तरी तिचे गडी वेगळे.

धाकटी


२१ एप्रिल

धाकटे,

आरोप मागे घेतल्याचं पत्र आलं. टायना खुलासा विचारलाय. हेडफोन येऊन माझ्यापाशी उभा राहिला, पहिल्यांदाच कान मोकळे ठेवून. म्हणाला, “मला मामांनी चार बेला एकदम येतील असं सांगितलंच नव्हतं.” मी म्हटलं, “म्हाताऱ्या माणसांना विचारायचं होतंस.”

मास्तर परत आले. चाकाच्या खुर्चीत. मुलीने त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “असेल.” माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बेल सुरू झाली. मी गेले की म्हणायचे, “काही नाही. बघत होतो.” मी परत यायचे, बसते न बसते तोच पुन्हा दिवा. “काही नाही.” मुली वैतागल्या. एक म्हणाली, “सिस्टर, म्हातारा छळतोय तुम्हाला, मी जाते.” मी कोणाला जाऊ दिलं नाही. प्रत्येक बेलला मीच गेले. कधी पाय दुखायचे, कधी राग यायचा. समितीने सोडलं होतं, पण माझी खरी चौकशी तिथे त्या खोलीत चालू होती. तिथे ते इंजिनिअर चालणार नव्हते.

काल दुपारी त्यांची बेल वाजलीच नाही. चहा येऊन गेला, कप परत गेले, तरी नाही. पॅनेल शांत. मुली म्हणाल्या, सुटलो. पण शांत पॅनेलवर माझा आता काडीचा विश्वास नाही. मी धावत सुटले.

मास्तर उशीला टेकून जागेच होते. बटण त्यांच्या हाताशी नव्हतं. चाकाच्या खुर्चीत असतानाच त्यांनी स्वतः काढून समोरच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं, पलंगावरून हात पोचणार नाही असं. मला धापा टाकताना बघून त्यांनी चष्मा वर केला.

“बाई, मी बेल वाजवली नव्हती.”

“नाही वाजवलीत, म्हणूनच आले,” मी म्हटलं.

तुझी,
वहिनी